अवग्रह

नाना पेठेत माझं अक्षरांचं दुकान आहे.
क्रोमची, काळी, लाल,
पाठीला चिकटपट्टी लावलेली.
शब्द कुणी मागत नाही.
लोक स्कूटर चालू ठेवूनच विचारतात,
"मुलाणी, झेड आहे का? प्लस आहे का?"

एल म्हणजे काच हाताने फिरवा.
व्ही म्हणजे पुढच्या दोन काचा बटणावर.
झेड म्हणजे सगळं, आणि चाकंसुद्धा चकचकीत.
एल आणि झेडमधलं पावणेतीन लाखांचं अंतर
माझ्याकडे एकशेचाळीस रुपयांत मिटतं.
आरसी बुक मी कुणाचं बघत नाही.

मंगळवारी बिबवेवाडीहून चिंचणीकर बाई आल्या.
छोटी लाल गाडी, तिसऱ्या हातातून चौथ्या हातात आलेली.
डिकीवर झेड, एक्स,
आणि जरा जागा सोडून तिरका एस.
"एकतीस वर्षं संस्कृत शिकवलंय मी,
आणि माझ्याच गाडीवर लिहिलेलं मला वाचता येत नाही.
विकणारा म्हणाला, टॉप आहे काकू. टॉप म्हणजे काय?"

मी आत वाकलो.
काचेला हँडल.
गिअरच्या शेजारी, जिथे स्पोर्टचं बटण असतं तिथे,
कोरं झाकण.
ते दबत नाही. दबण्यासाठी नसतंच.
बाईंनी महिनाभर दाबलं होतं.
कात्रजच्या चढाला दाबलं,
सिंहगड रस्त्यावर मागचा ट्रक हॉर्न देत होता तेव्हा दाबलं.
"मला वाटलं, माझ्याच बोटात जोर उरला नाही."

मग मी सांगितलं, सांगता येईल तसं.
बाई, स्पोर्ट म्हणजे वेगळं इंजिन नव्हे.
इंजिन तेच, पेट्रोल तेच.
फक्त पायाचं म्हणणं ते जरा लवकर ऐकतं,
गिअर उशिरा सोडतं,
स्टिअरिंग हाताला जड लागतं
आणि आवाज चढतो.
"म्हणजे रागावलेला माणूस," बाई म्हणाल्या.
हो. आणि पेट्रोलही जास्त पितो.

"काढा मग. खोटं पाठीवर घेऊन मी फिरणार नाही."

हेअर ड्रायरने गोंद ऊन केला,
मासे धरायची तंगूस दोन्ही बोटांना गुंडाळून
अक्षरामागून करवतीसारखी ओढली.
झेड पडला. एक्स अर्धा तुटून आला.
रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, तर खाली
पुन्हा झेड, पुन्हा एक्स,
उन्हाने न विटलेल्या लाल रंगात,
शोरूममधल्या पहिल्या दिवसाइतके ताजे.
"हे जाणार नाही," मी म्हणालो. "सावली उलटी पडलीये."

तंगूस एसच्या मागे घातली
तेव्हा बाईंनी माझं मनगट धरलं.
"थांबा. हा राहू द्या.
हा एस नाही, अवग्रह आहे."
माझ्या बिलबुकावर त्यांनी काढून दाखवला: ऽ
"इथे एक अ होता, तो लोपला,
एवढंच हा सांगतो. उच्चार नाही त्याला.
बटण नाही आणि खूण आहे,
याहून खरं अजून काय लिहिणार?"

मला तो दुसऱ्याच ठिकाणचा माहीत होता.
धाकट्याच्या पुस्तकात, आईऽऽ म्हणून हाक असते तिथला.
माझ्याकडे तो आवाज लांबवायला होता,
त्यांच्याकडे गेलेल्याची जागा धरायला.
मी बोललो नाही. कापडाने एस पुसला,
दोनदा, कोपऱ्यांतूनही.

पैसे किती, विचारलं. ऐंशी सांगितले.
त्यांनी शंभर दिले आणि वीस मोजून परत घेतले.

मग गाडी रस्त्याला लागली,
टेम्पोच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये,
सेव्हन लव्हज चौकाच्या दिशेने, ताशी अकरा.
सिग्नलला बाईंचा हात गिअरकडे गेलेला दिसला.
झाकण दाबलं की नुसतंच चाचपलं,
इतक्या लांबून कळलं नाही.
हिरवा झाला.
गाडी उचललीऽऽ